कमाल हृदयगती: बायकांचा हिशेब कुठे चुकतो आणि तो क्रमाने कसा लावायचा

आमच्या सकाळच्या गटातल्या एक ताई टेकडीच्या चढावर मध्येच थांबल्या. घाम जेमतेम आलेला, बोलणंही व्यवस्थित चाललेलं. "घड्याळ म्हणतंय पाचवा झोन, मग नको बाई," म्हणाल्या. (घड्याळ ठोक्यांवरून मेहनतीच्या पायऱ्या पाडतं, त्यांना झोन म्हणतात. पाचवा सगळ्यात जोराचा.) त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीचं बरोबर उलटं झालं. तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ओठ कोरडे पडले होते आणि घड्याळात मात्र हिरवागार 'हलका व्यायाम' दिसत होता. दोघींनी घड्याळ घेतलं त्या दिवशी वय भरलं होतं, त्यानंतर काहीच तपासलं नव्हतं. घड्याळाने २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती काढली, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर हृदय मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देतं तो आकडा, आणि तो दोघींनी कायमचा धरला.

या एका आकड्यावर पुढचं सगळं उभं असतं. किती जोरात चालायचं, कधी धावायचं, कधी थांबायचं, सगळं त्यावरून ठरतं. तो चुकला की महिनोन् महिने कमी मेहनत होते नाहीतर जास्त. म्हणून खाली क्रम दिला आहे. बहुतेक जणी थेट सूत्रावर उडी मारतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

## आधी तयारी

एक वही किंवा मोबाईलमधली एक नोंद, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, आणि दोन-तीन आठवडे धीर. महागडं घड्याळ असेल तर चांगलं, नसेल तरी अडत नाही. खऱ्या जोराची चाचणी करायची असेल (सहावा टप्पा) तर मात्र छातीला बांधून ठोके मोजणारा पट्टा कुणाकडून तरी उसना आणा.

वहीच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहा: वय, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, शेवटचं हिमोग्लोबिन आणि ते कधी तपासलं, थायरॉईड तपासला आहे का, आणि गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किती दिवस नियमित व्यायाम झाला.

गोळ्यांची ओळ सगळ्यात महत्त्वाची. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल ही बीटा-ब्लॉकर गटातली औषधं हृदयाचा वेग वर जाऊच देत नाहीत. रक्तदाबासाठी ती दिली जातात हे बऱ्याच जणींना ठाऊक असतं, पण प्रोप्रानोलॉल अर्धशिशीसाठी आणि हात थरथरतात म्हणूनही देतात. त्या बाईला ती 'डोकेदुखीची गोळी' वाटते, त्यामुळे विचारलं तरी ती सांगत नाही. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि इव्हाब्रॅडिन यांनीही नाडी मंदावते. यातलं काही चालू असेल तर वयाचं कोणतंही सूत्र तुमच्यासाठी नाही. थेट पाचव्या टप्प्यातल्या बोलण्याच्या कसोटीवर चला.

थांबा: आकडे जुळावेत म्हणून गोळी एक दिवसही चुकवू नका. बीटा-ब्लॉकर अचानक बंद करणं हृदयाला धोक्याचं असतं.

## पहिला टप्पा: पुढे जायचं की आधी डॉक्टरकडे

हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, चालताना छातीत दाब येत असेल, चक्कर येऊन पडायला झालं असेल, विनाकारण धडधडत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. घरात वडिलांना, भावाला किंवा आईला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल तर तेही सांगा. जुना मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट असते: हृदयाचा वेग सांभाळणाऱ्या नसांवर परिणाम झालेला असू शकतो. मग बसल्या जागी नाडी जास्त असते आणि मेहनत केली तरी पुरेशी वर जात नाही.

गरोदर असाल तर हा हिशेब बाजूला ठेवा. त्या महिन्यांत बसल्या जागची नाडीच मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते, त्यामुळे सूत्राला अर्थ राहत नाही. डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली असेल तर बोलता येईल इतक्याच वेगाने चाला.

बायकांमध्ये हृदयाचं दुखणं दर वेळी छातीत डाव्या बाजूलाच येतं असं नाही. जबडा, पाठीत खांद्यांच्या मधली जागा, पोटाचा वरचा भाग, मळमळ, गार घाम, कारण नसताना आलेला भयंकर थकवा, अशी त्याची रूपं असतात. व्यायामात यातलं काही झालं तर घड्याळात कितीही कमी आकडा असो, थांबा. थांबूनही ओसरलं नाही तर १०८ ला फोन करा. 'ॲसिडिटी असेल' म्हणून घरी जाऊन जिरं चावत बसू नका.

## दुसरा टप्पा: विसाव्याची नाडी, सात सकाळी

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. माझं मत विचाराल तर सूत्रापेक्षा हाच जास्त मोलाचा आहे, कारण यात अंदाज नाही. हा तुमचा स्वतःचा, मोजलेला आकडा आहे.

१. जाग आल्यावर अंथरुणातच राहा. उठून बाथरूमला जाऊन यावं लागलं तर परत आडवं होऊन पाच मिनिटं शांत पडा. गजर कर्कश असेल तर त्या दचकण्यानेही नाडी वर जाते, तेव्हाही तेवढाच वेळ थांबा.

२. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूच्या खाचेत ठेवा. अंगठ्याने मोजू नका. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, दोन्ही मिसळतात.

३. पूर्ण ६० सेकंद मोजा. ज्या ठोक्याला घड्याळ सुरू केलं त्याला 'शून्य' म्हणा, पुढच्याला 'एक'. दहा सेकंद मोजून सहाने गुणायची सवय इथे नको, कारण एक ठोका चुकला तर सहा ठोक्यांचा फरक पडतो.

४. आकडा लिहा. शेजारी एक-दोन शब्दांत रात्र कशी गेली आणि पाळीचा कितवा दिवस आहे ते लिहा.

हे सात दिवस करा. मग आकडे लहान-मोठे लावून मधला घ्या. समजा आठवडा असा गेला: ७३, ७४, ७२, ७९, ७४, ७६, ७४. यातला ७९ ज्या रात्री बाळ किंवा सासूबाई आजारी होत्या त्या जागरणाचा असेल. मधला आकडा ७४, तोच तुमचा.

पाळीचा दिवस का लिहायचा, तर बीज सुटल्यानंतर पाळी येईपर्यंतच्या दिवसांत विसाव्याची नाडी बऱ्याच जणींमध्ये दोन-चार ठोक्यांनी वर असते. हे माहीत नसलं की 'माझा फिटनेस घसरला' म्हणून उगाच जीव टांगणीला लागतो. पाळी जायच्या वयात रात्री अंगातून वाफा येऊन धडधडून जाग येते. त्या सकाळचा आकडा लिहा, पण हिशेबात धरू नका.

नेहमीच्या चुका: चहा पिऊन मोजणं. डबे भरून झाल्यावर 'जरा बसले होते' म्हणून मोजणं. ताप-सर्दीत मोजणं. आदल्या रात्री लग्नाला जाऊन दीड वाजता झोपणं आणि तो एकच आकडा पक्का धरणं.

पडताळा: सातही दिवस १०० च्या वर किंवा, धावपटू नसताना, ५० च्या खाली येत असेल तर पुढे जाऊ नका, डॉक्टरांना वही दाखवा. ८५-९० च्या आसपास टिकून असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की तेवढ्याच प्राणवायूसाठी हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं, आणि सगळे झोन खोटे ठरतात. अशा वेळी सूत्र बदलून काही होत नाही, लोह भरून काढावं लागतं.

## तिसरा टप्पा: सूत्र, पण एक नाही, दोन

आता गणित. दोन सूत्रं लागतात.

पहिलं: २०६ वजा (वय × ०.८८). हे २०१० साली शिकागो परिसरातल्या ५,४३७ बायकांच्या ट्रेडमिल चाचण्यांवरून मांडलं गेलं. त्यातल्या सगळ्या जणी ३५ वर्षांच्या पुढच्या होत्या आणि त्यांना हृदयाचा काही त्रास नव्हता.

दुसरं: २०८ वजा (वय × ०.७). हे २००१ सालचं, ३५१ अभ्यासांमधल्या स्त्री-पुरुषांच्या आकड्यांवरून काढलेलं.

४५ वर्षांच्या बाईसाठी करून बघू. ४५ × ०.८८ = ३९.६, म्हणजे २०६ मधून १६६. ४५ × ०.७ = ३१.५, म्हणजे २०८ मधून साधारण १७६. घड्याळातलं जुनं २२० वजा वय १७५ सांगतं. मोठ्या वयात अंतर आणखी वाढतं: ६० व्या वर्षी पहिलं सूत्र १५३ म्हणतं आणि दुसरं १६६.

इथे मैत्रिणी विचारतात, मग खरं कुठलं? 'बायकांचं सूत्र' असं नाव लागलं की तेच बरोबर, असं इंटरनेटवर सर्रास लिहिलेलं असतं. मी तसं म्हणणार नाही. दुसरं सूत्र मांडणाऱ्यांना स्त्री-पुरुषांत वेगळं सूत्र लागावं इतका फरक दिसला नव्हता. पहिल्याचा आधार फक्त बायका, पण ३५ च्या पुढच्या. म्हणून माझी पद्धत अशी:

- वय ३५ पेक्षा कमी असेल तर फक्त दुसरं सूत्र वापरा. पहिल्याच्या आधारात तुमच्या वयाच्या बायका नव्हत्याच.
- वय ३५ किंवा जास्त आणि व्यायाम नव्याने सुरू करत असाल तर कामाचा आकडा पहिल्याचा, कमाल शक्यता दुसऱ्याची. चुकायचंच तर कमी बाजूला चुकावं.
- वय ३५ च्या पुढे पण वर्षानुवर्षं धावणं, पोहणं, सायकल चालू असेल तर दोन्हींच्या मधून सुरुवात करा.

थांबा: वजाबाकी आधी आणि गुणाकार नंतर करू नका. '२०६ वजा ४५, गुणिले ०.८८' असं कॅल्क्युलेटरवर ओळीने दाबलं की १४२ येतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, आणि त्या बाईने दोन महिने १४२ ही वरची मर्यादा धरून चालणंच हळू केलं होतं.

## चौथा टप्पा: आकड्याचा पट्टा करा

सूत्राने १६६ दिलं म्हणजे तुमचं हृदय १६६ ला थांबेल असं नाही. शिकागोच्या त्याच अभ्यासात सूत्र आणि प्रत्यक्ष यांच्यातला नेहमीचा फरक साधारण १२ ठोक्यांचा होता. सोप्या भाषेत: एका वयाच्या तीन बायका घेतल्या तर दोघींची खरी कमाल गती १५४ ते १७८ मध्ये कुठेतरी, आणि तिसरीची त्याच्याही बाहेर. यात आजार काही नाही. कुणाची उंची पाच फूट असते, कुणाची साडेपाच, तसंच हे.

म्हणून वहीत एक आकडा लिहू नका. '१६६, खरा १५४ ते १७८ मध्ये, अजून तपासायचा' असं लिहा. एवढं वाक्य लिहिलं की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

त्याचाच उलट अर्थही लक्षात ठेवा. जोरात धावताना घड्याळात १७४ दिसलं आणि तुम्हाला काहीही त्रास नाही, तर तुम्ही 'मर्यादा ओलांडून' बसलेल्या नाही. सूत्र तुमच्यासाठी कमी पडलं, एवढंच. आणि कमाल गती जास्त असणं ही काही शाबासकीची गोष्ट नव्हे. सरावाने ती वाढत नाही, वयाने हळूहळू उतरते. सराव झाल्यावर कमी होते ती विसाव्याची नाडी.

### टीएमटीचा रिपोर्ट हाताशी असेल तर

चाळिशीनंतर आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये अनेकींची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची चाचणी, झालेली असते. रिपोर्टमध्ये 'कमाल हृदयगती १५२' अशी ओळ असते आणि ती बघून 'माझी कमाल १५२' असं ठरवलं जातं. ही चूक सुशिक्षित, हुशार बायकाही करतात, कारण छापील कागदावर तसंच लिहिलेलं असतं.

ती ओळ नीट वाचा. शेजारी टक्के असतात. ४५ वर्षांच्या बाईसाठी यंत्र बहुतेक वेळा २२० वजा वय, म्हणजे १७५, हे लक्ष्य धरतं. त्याच्या ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं की तपासणीचं काम झालं असं धरून अनेक ठिकाणी ट्रेडमिल थांबवतात. १५२ म्हणजे १७५ च्या ८७ टक्के. म्हणजे तुमचं हृदय १५२ ला संपलं नाही, चाचणी १५२ ला संपली.

चाचणी का थांबवली हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. 'लक्ष्य गाठले' असेल तर तो आकडा कमाल नाही, फक्त 'कमाल १५२ पेक्षा कमी नक्की नाही' एवढं कळलं. 'थकल्यामुळे थांबवले' असेल आणि तुम्हाला खरोखर एक पाऊल पुढे टाकणं अशक्य झालं होतं, तर तो आकडा सूत्रापेक्षा भरवशाचा. त्यातही दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून चालला असाल तर मेहनत कमी झालेली असते. बऱ्याच जणींचा श्वास संपण्याआधी चढाने पोटऱ्या भरून येतात आणि त्या थांबतात. हे आठवून शेजारी लिहा.

पुन्हा टीएमटी करायची वेळ आली तर आधीच विचारा: "लक्ष्य आलं की थांबवणार का? मला त्रास होत नसेल तर पुढे जाऊ देणार का?" निर्णय डॉक्टरांचा, पण विचारायला काहीच हरकत नाही.

## पाचवा टप्पा: झोन काढा आणि बोलून तपासा

इथे एकाच शब्दाच्या दोन पद्धती मिसळतात आणि मोठा गोंधळ होतो. '७० टक्क्यांनी व्यायाम करा' म्हणजे कशाचे ७० टक्के? कमाल गतीचे की राखीव गतीचे? राखीव गती म्हणजे कमाल वजा विसावा. आपल्या उदाहरणात १६६ वजा ७४, म्हणजे ९२.

कमालीचे ७० टक्के: ११६.
राखीवचे ७० टक्के: ९२ × ०.७ = ६४, त्यात विसाव्याचे ७४ मिळवून १३८.

एकाच '७० टक्क्यां'मध्ये २२ ठोक्यांचा फरक. एका तक्त्यातले टक्के घेऊन दुसऱ्या तक्त्याचं गणित केलं की चालायचं तिथे बाई धावते, नाहीतर उलटं.

राखीव पद्धत घ्या, कारण तिच्यात तुमची विसाव्याची नाडी येते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मोजमापात राखीवचे ४० ते ५९ टक्के म्हणजे मध्यम व्यायाम आणि ६० ते ८९ टक्के म्हणजे जोराचा. (कमालीच्या टक्क्यांत हेच ६४ ते ७६ आणि ७७ ते ९५ होतं, म्हणूनच मिसळायचं नाही.)

१. राखीव गती × ०.४०, अधिक विसावा: ३७ + ७४ = १११.
२. राखीव गती × ०.५९, अधिक विसावा: ५४ + ७४ = १२८.
३. राखीव गती × ०.८९, अधिक विसावा: ८२ + ७४ = १५६.

म्हणजे मध्यम १११ ते १२८ आणि जोराचा त्याच्या पुढे १५६ पर्यंत. शेवटी विसाव्याचे ठोके मिळवायला विसरू नका. विसरलं की '३७ ते ५४' असले आकडे येतात आणि मग कुणीतरी गणितच सोडून देतं.

आता हा पट्टा तुमच्या श्वासावर घासून बघायचा. दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा, सपाट रस्त्यावर:

- दहा मिनिटं सावकाश चाला. मग वेग वाढवून नाडी पट्ट्याच्या मध्यावर, इथे १२० च्या आसपास, पाच मिनिटं धरा.
- मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोला. मग आरतीचं एक कडवं म्हणून बघा.
- वाक्य येतं पण कडवं म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागतो: पट्टा बरोबर.
- कडवं आरामात होतं: तुमची खरी कमाल सूत्रापेक्षा जास्त असावी. पट्टा पाच ठोके वर सरकवा, पुढच्या वेळी पुन्हा तपासा.
- वाक्यही तुटतं: पाच ठोके खाली आणा. तरी तुटत असेल तर रक्त तपासा.

मेहनत किती वाटते याचा आकडाही शेजारी लिहा. बोर्गच्या ६ ते २० च्या मापावर मध्यम व्यायाम १२-१३ ला बसतो, जोराचा १४ ते १७ ला. ६ म्हणजे स्वस्थ बसणं, २० म्हणजे जीव तोडून.

पडताळा: हे सकाळी गारव्यात करा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत त्याच वेगाला नाडी सहज आठ-दहा ठोके वर जाते, आणि तासाभराच्या चालण्यात शेवटी शेवटी आपोआप चढत राहते. तो उन्हाचा आणि घामाचा परिणाम, तुमची कमाल बदललेली नसते. संकष्टीच्या किंवा नवरात्रातल्या निर्जळी उपवासाच्या दिवशी घेतलेले आकडे धरू नका.

### घड्याळ खोटं बोलत असेल तर

मनगटावरचं घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची हालचाल वाचतं. सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. बांगड्यांच्या गर्दीत असेल तर प्रत्येक पावलागणिक हलतं. मनगटावर गोंदण असेल तर त्याची शाई प्रकाश अडवू शकते. व्यायामापुरतं घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, गोंदण नसलेल्या हातावर, बांगड्यांच्या अलीकडे कोपराच्या बाजूला बांधा.

धावताना आणखी एक फसवणूक होते. घड्याळ ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतं. मिनिटाला १६०-१७० पावलं पडत असतील तर नाडीही १६५ दाखवतं, तेही पहिल्याच मिनिटाला. ओळखायची खूण: सुरुवातीलाच एकदम उडी आणि मग सपाट रेघ. थांबा, मनगटाची नाडी बोटांनी १५ सेकंद मोजून चारने गुणा. हे थांबल्याबरोबर करा, कारण अर्ध्या मिनिटात ठोके बरेच उतरतात. मानेवर मोजत असाल तर एकाच बाजूला, हलक्या बोटाने.

छातीचा पट्टा जास्त विश्वासाचा. त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करून बांधा. तो स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलास्टिकच्या लगेच खाली बसतो. इलास्टिक त्याच्यावर चढलं की पट्टा सरकतो आणि आकडे उड्या मारतात. घरीच बांधून चार उड्या मारून बघा.

## सहावा टप्पा: खरी कमाल मोजायची असेल तर

हा टप्पा सगळ्यांसाठी नाही. वजन कमी करायचं, साखर आटोक्यात ठेवायची, रोज पाऊण तास चालायचं, एवढ्यासाठी पाचव्या टप्प्यावर काम भागतं. अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्या, किमान तीन महिने नियमित धावणाऱ्या आणि डॉक्टरांची हरकत नसलेल्या बाईसाठी हा आहे. सोबत कुणीतरी हवंच. एकटीने करू नका.

चढ असा शोधा की तीन मिनिटं सलग धावता येईल, मध्यम चढणीचा, वाहनं नसलेला. आदल्या दिवशी जड व्यायाम नको, झोप पुरेशी हवी, दोन तास आधी हलकं खाणं.

१. १५ मिनिटं सावकाश धावणं. शेवटी २० सेकंदांच्या चार वेगवान धावा.
२. पहिला चढ, तीन मिनिटं: दम लागेल पण ताबा राहील असा. चालत खाली.
३. दुसरा चढ: पहिल्यापेक्षा जोरात. खाली येताना पुन्हा चाल.
४. तिसरा चढ: सुरुवातीपासून जोरात, शेवटची ३०-४० सेकंदं असेल नसेल ते सगळं.
५. थांबू नका. दहा मिनिटं चालत राहा. अचानक उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

घरी आल्यावर आलेख बघा. सलग पाच-सहा सेकंद टिकलेला सर्वात वरचा आकडा घ्या. एकच टोक सुईसारखं वर गेलेलं असेल तर तो पट्टा हलल्याचा आकडा. आठवड्याने पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे दोन-तीन ठोक्यांत जुळले तर तोच तुमचा, आणि सूत्र आता वहीतून खोडून टाका. त्यात वर 'अजून थोडं जमलं असतं' म्हणून पाच मिळवू नका.

थांबा: पहिल्याच चढावर सगळा जोर लावणं ही इथली सर्रास चूक. पाय आधी संपतात, हृदय वर पोचतच नाही, आणि कमी आकडा खरा मानला जातो.

हा आकडा धावण्याचा. सायकलवर तो बहुतेकींचा पाच-दहा ठोक्यांनी कमी येतो, पोहताना त्याहून कमी. पोहण्याचे झोन धावण्याच्या कमालीवरून काढले की पाण्यात दमछाक होऊनही 'झोन येतच नाही' असं वाटतं.

## सातवा टप्पा: घड्याळात भरा

घड्याळाच्या ॲपमध्ये वापरकर्त्याची माहिती किंवा हृदयगतीचे झोन अशी जागा असते. तिथे तीन गोष्टी बघा. कमाल गती स्वतः लिहिता येते का. येत असेल तर तुमची लिहा. विसाव्याची नाडी भरा. आणि झोन 'कमालीच्या टक्क्यां'वर आहेत की 'राखीवच्या', ते निवडा. हा तिसरा पर्याय न बदलता पहिले दोन भरले तर पाचव्या टप्प्यातली सगळी मेहनत वाया जाते.

बरीच घड्याळं नवीन जास्त आकडा दिसला की कमाल आपोआप वाढवून ठेवतात. पावलं मोजून दाखवलेला १९० सुद्धा त्यात घुसतो. हा पर्याय बंद ठेवा.

## पुन्हा कधी मोजायचं

विसाव्याची नाडी दर तीन महिन्यांनी, त्याच सात-सकाळच्या पद्धतीने. तेवढ्याने झोन बदलतात, कारण राखीव गती बदलते: ७४ ची ६८ झाली तर आपल्या उदाहरणात मध्यम पट्टा १०७ ते १२६ होतो. कमालीचा अंदाज दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढला तरी चालतो.

मध्येच पुन्हा मोजायची कारणं मोजकी आहेत: रक्तदाबाची नवी गोळी, थायरॉईडच्या गोळीचा बदललेला डोस, बाळंतपण, मोठा आजार किंवा शस्त्रक्रिया, आणि पाळी कायमची थांबण्याचा काळ. त्या वेळी जुनं पान तसंच ठेवून वहीत नवं पान उघडा, वर तारीख लिहा आणि दुसऱ्या टप्प्यापासून सुरू करा.